कुंडीतला अननस : फुलोरा कधी आणावा, आणि आला की त्यात काय पाहावं?

गच्चीबाग_पुणे

गच्चीवर अननसाच्या चार कुंड्या आहेत. दोन रोपं बाजारातल्या फळाच्या शेंड्यापासून केलेली, लावून दीड वर्ष झालं. दोन सावंतवाडीहून आलेल्या फुटव्यांची, त्यांना दहा महिने झाले. शेंड्यांच्या रोपांची पानं गुळगुळीत आहेत, काटा फक्त टोकाशी. फुटव्यांच्या पानांना दोन्ही कडांनी करवतीसारखे काटे आहेत. मोजली तर शेंड्यांच्या रोपांना 27-28 पानं भरली, फुटव्यांना चाळिसाच्या आसपास.

कुंड्या 12 इंची. लाल माती, कोकोपीट आणि शेणखत समप्रमाणात. ऊन दिवसाला सहा तास. पाणी बोअरचं.

तीन प्रश्न आहेत.

सफरचंद ठेवून वर पिशवी बांधली की फूल येतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं का, आणि आता सप्टेंबरअखेर करावं का?

नवी पानं पिवळट येताहेत, शिरांमधला भाग जास्त फिका. जुनी पानं हिरवी आहेत. हे कशामुळे?

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी फुलोऱ्याच्या रोजच्या नोंदी ठेवायच्या आहेत. नेमकं काय पाहायचं आणि किती दिवस?

---

तळकोकण_बागायत

आधी जात ओळखून घ्या. कडांना काटे असलेली रोपं मॉरिशस म्हणजे क्वीन गटातली असणार. गुळगुळीत पानांची क्यू दिसतात. दोघांची चाल वेगळी आहे. मॉरिशस आटोपशीर आणि लवकर फुलणारा, फळ लहान पण गोड आणि वासाचा. क्यू दांडगा, त्याला वेळ जास्त लागतो, आणि शेंड्यापासून केला असेल तर आणखी जास्त. फुटव्यापासून 12 ते 15 महिन्यांत जिथपर्यंत पोचता येतं, तिथे शेंड्याला 20-24 महिने सहज जातात. तुमच्या 27-28 पानांत नवल काहीच नाही.

सफरचंदाची गोष्ट खरी आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि अननसाच्या शेंड्यातला वाढीचा कोंब त्या वायूने पानं काढायचं थांबवून फुलोरा काढायला लागतो. अझोर्स बेटांवर एकोणिसाव्या शतकात काचघरांत धूर करून अननस फुलवत, तेही याच कारणाने.

पण करायचं केव्हा, हा खरा प्रश्न आहे. अननसाचा एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. कोंब एकदा फुलोऱ्याकडे वळला की फुलं किती लागणार हे त्या वेळच्या झाडाच्या ताकदीवर थोड्याच आठवड्यांत ठरून जातं. नंतर कितीही खत घाला, डोळे वाढत नाहीत, असलेले डोळे फक्त भरतात. म्हणून 27 पानांच्या रोपाला सफरचंद दाखवलं तर फूल येईल, पण मुठीएवढं फळ हाती लागेल आणि दोन वर्षांची मेहनत त्यावर खर्च होईल. क्यूची ती दोन रोपं यंदा सोडून द्या.

मॉरिशसला 39 ते 42 पानं झाली की तो तयार, हा केरळात शेतावर वापरला जाणारा हिशोब आहे आणि कोकणातही तो चालतो. तुमची काट्यांची रोपं त्या उंबरठ्यावर आहेत. मोजताना बुडातली वाळलेली पानं धरू नका. सगळी पानं हाताने वर गोळा करून सर्वांत लांब पान कोणतं तेही पाहा. ते रुंद, जाड आणि ताठ असायला हवं. पानं चाळीस आहेत पण चिंचोळी आणि लोंबती, तर ते रोप तयार नाही.

वेळ मात्र योग्य आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 वर येतो, तेव्हा वाढ जवळजवळ थांबते. मोठं झालेलं झाड त्या थंडीने आणि लहान दिवसांमुळे आपोआपही फुलतं, पण मग सगळी झाडं एकाच वेळी फुलतील याची खात्री नसते.

---

टेरेस_ठाणे

सफरचंदाची पद्धत घरी करायची तर: संध्याकाळी पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या पेल्यात) साचलेलं पाणी कुंडी तिरकी करून काढून टाका. दोन चांगली पिकलेली सफरचंदं (किंवा तीन-चार पिकली केळी) कुंडीत मातीवर ठेवा, पोंग्यात नको, तिथे कुजतात. मोठी प्लास्टिकची पिशवी वरून घालून कुंडीच्या कडेला सैल बांधा. कुंडी पूर्ण सावलीत हलवा. उन्हात पिशवीच्या आत पानं शिजतात, हीच चूक सर्वांत जास्त होते. चार-पाच दिवस ठेवून पिशवी काढा.

पिशवीच्या आत पानं टोचतील म्हणून सुतळीने सैल बांधून घ्या. मॉरिशसचे काटे पिशवी फाडतात आणि वायू निघून जातो.

---

तळकोकण_बागायत

वरचं बरोबर आहे. सफरचंदाने वायू किती सुटेल याचा नेम नसतो एवढीच अडचण. खात्री हवी असेल तर इथेफॉन, म्हणजे इथिलीन सोडणारं औषध. शेतावर 25 पीपीएमचं (लिटरला 25 मिलिग्रॅम) द्रावण प्रत्येक झाडाच्या पोंग्यात 50 मिली ओततात. बाजारात मिळणारं इथेफॉन 39 टक्के तीव्रतेचं असतं. दोन झाडांसाठी ते मोजणं अवघड जातं, म्हणून दोन टप्प्यांत करा:

एक लिटर पाण्यात सिरिंजने 1 मिली इथेफॉन. हे झालं मूळ द्रावण. त्यातलं 65 मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा. त्यात 20 ग्रॅम युरिया आणि चिमूटभर, म्हणजे 0.4 ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट. ढवळा आणि लगेच वापरा. आम्लात इथेफॉन टिकून राहतं, आम्लता गेली की त्यातून इथिलीन सुटायला लागतं. कार्बोनेट त्यासाठीच घालतात. म्हणून तयार द्रावण अर्धा दिवस ठेवून वापरलं तर त्यात दम राहत नाही.

संध्याकाळीच घाला. अननस पानांची छिद्रं रात्री उघडतो आणि दिवसा बंद ठेवतो. भर दुपारी घातलेलं वाया जातं. नंतरचा दीड दिवस पाऊस नको, वरून पाणीही नको.

मूळ इथेफॉन तीव्र आम्ल आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच मापा, मुलीच्या हाती देऊ नका. उरलेलं द्रावण टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत ओतू नका, फुलं गळतात. कॅल्शियम कार्बाइडचे खडे वापरायचा सल्लाही कोणी देईल. पाण्याशी त्याचा ॲसिटिलीन होतो आणि तो पेट घेतो. घराच्या गच्चीवर त्याचं काही काम नाही.

एक गोंधळ नेहमी होतो. द्रावणातला युरिया औषध आत शिरायला मदत करतो, तो खत म्हणून नाही. मुळाशी द्यायचा युरिया उलट महिनाभर आधी थांबवावा. नत्राने माजलेलं झाड इथिलीनला दाद देत नाही. आणि साठ दिवसांत पोंग्यात लाली दिसली नाही तर तीच मात्रा पुन्हा द्या, दुप्पट करून उपयोग नाही.

---

माती_पाणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती. लोह मातीत नाही असं नसतं, लाल मातीत ते भरपूर असतं. बोअरच्या जड पाण्याने कुंडीचा सामू (pH) वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. अननसाला 4.5 ते 6 सामू लागतो. जांभ्या जमिनीत तो मजेत असतो ते त्यामुळेच, आणि आपल्याकडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत हिरमुसतो तेही त्यामुळे.

लगेचचा उपाय: लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. सायट्रिक आधी विरघळवा, मग फेरस. उलट केलं तर जड पाण्यात लोह गंजाच्या रंगाचं होऊन तळाशी बसतं. द्रावण फिकट हिरवं राहायला हवं, तपकिरी झालं तर फेकून द्या.

कायमचा उपाय म्हणजे पावसाचं पाणी साठवून देणं, आणि पुढच्या वेळी कुंडी भरताना शेणखत कमी करणं. एक तृतीयांश फार आहे, ओल धरून ठेवतं. तीन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत असं भरा. कुंडी 14 इंची घेतलीत तर बरं. मुळं खोल जात नाहीत पण पसरतात, आणि फळ धरल्यावर झाड वरजड होऊन 12 इंची कुंडीसकट कलंडतं.

खताचं माप शेतावरचंच वापरता येतं: प्रत्येक झाडाला पूर्ण काळात 12 ग्रॅम नत्र, 4 ग्रॅम स्फुरद, 12 ग्रॅम पालाश. म्हणजे साधारण 26 ग्रॅम युरिया, 25 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 24 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळी, बाकीचं पाच-सहा हप्त्यांत खालच्या जुन्या पानांच्या बेचक्यात. तिथून झाड ते घेतं. पोंग्यात दाणे पडले की कोवळी पानं जळतात.

---

फुलवेडा_सातारा

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला. बहुतेक लोक अननस लावतात आणि फुलं बघायचीच राहून जातात, कारण ती एका दिवसाची असतात.

औषध दिल्याची (किंवा पिशवी काढल्याची) तारीख म्हणजे शून्य दिवस. पहिला महिना बाहेरून काही दिसत नाही. मग मधली नवी पानं आखूड यायला लागतात आणि पोंगा नेहमीसारखा मिटलेला न राहता पसरतो. चाळीस दिवसांच्या सुमारास वरून टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी लाल ठिपका दिसतो. थंडीत हे आठ-दहा दिवस पुढे जातं. या लालीची तारीख लिहायला हवी. नंतर दांडा उंचावत जातो आणि लाल-गुलाबी शंकू पानांच्या वर येतो. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, ती प्रत्येक फुलाखालची छोटी पानं, म्हणजे छद. पुष्कळ जण इथेच फूल आलं म्हणून फोटो काढतात आणि पुढचं बघत नाहीत.

खरी फुलं त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत तळापासून सुरू होतात. उजाडायच्या सुमाराला उमलतात, संध्याकाळपर्यंत पाकळ्या पिळवटून मिटतात, दुसऱ्या दिवशी सुकलेल्या असतात. म्हणून नोंद सकाळी सात-आठला घ्यायची. शाळेतून आल्यावर पाहिलं तर मोजणीत घोटाळा होईल. रोज पाच ते दहा फुलं, कधी एखादंच, कधी जास्त. एकूण शंभर ते दोनशे, लहान झाडावर त्याहून कमी. सगळं संपायला दोन ते चार आठवडे.

वहीत रकाने असे करा: तारीख, पहाटेचं तापमान, आज उमललेली फुलं, आजवरची एकूण, तळापासून किती उंचीच्या रांगेत. मोजलेलं फूल पुन्हा मोजू नये म्हणून रोज सकाळचा फोटो चारही बाजूंनी, कुंडी फिरवून नव्हे, आपण फिरून. कुंडीला एका बाजूला खडूने खूण करा.

एखादं फूल चिमट्याने ओढून काढा आणि भिंगाखाली धरा. एक फूल गेल्याने फळाचं काही बिघडत नाही. तीन पाकळ्या, टोकाला जांभळ्या, खाली पांढऱ्या होत जाणाऱ्या. त्या जास्वंदीसारख्या पसरत नाहीत, नळीसारख्या उभ्या राहून फक्त टोकं उघडतात. आत सहा पुंकेसर दोन वलयांत, मधोमध एक कुक्षीवृंत आणि त्याच्या टोकाला तीन पाळ्यांची कुक्षी. तळाशी मध असतो, मुंग्या त्याच्यासाठीच येतात. अंडाशय पाकळ्यांच्या खाली, दांड्याला चिकटलेला. पुढे हाच अंडाशय, छदाचा बुंधा, संदलांचा (पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचा) बुंधा आणि मधला दांडा असे सगळे मांसल होऊन एकमेकांत मिसळतात आणि शंभर-दीडशे फुलांचं मिळून एक फळ होतं.

फुलं संपल्यावर तिरप्या रांगा मोजायला सांगा. एका दिशेला 8, उलट दिशेला 13. मोठ्या फळावर तिसऱ्या, जास्त उभ्या दिशेला 21 सुद्धा सापडतात. एका डोळ्यावर पिनेने कागदाचा तुकडा टोचून सुरुवात करा, नाहीतर गोल फिरताना कुठून निघालो ते विसरतं. फुलांची एकूण बेरीज आणि पिकल्यावर डोळ्यांची मोजणी जुळते का हे ताडून पाहणं, हा तिच्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो.

---

नवी_कुंडी

माझ्या रोपाला बाराच पानं आहेत, सफरचंद ठेवून लगेच फूल बघायला मिळेल का? फळ नाही मिळालं तरी चालेल.

---

तळकोकण_बागायत

बारा पानांवर बहुधा दादच मिळणार नाही, आणि मिळाली तरी बोराएवढा शंकू येऊन थांबेल. त्यापुढे त्या रोपाचा मुख्य कोंब संपतो, तो पुन्हा पानं काढत नाही. फुटवे आले तरच झाड पुढे चालतं, आणि एवढ्या कोवळ्या रोपात फुटवे काढायची ताकद नसते. थांबा.

---

गच्चीबाग_पुणे

सगळ्यांचे आभार. क्यूची रोपं सोडली, मॉरिशसला ऑक्टोबरमध्ये इथेफॉन देते.

आणखी दोन शंका. एका क्यूच्या पोंग्यातलं मधलं पान आज हलकेच ओढलं तर हातात आलं, बुडाशी पांढरट-तपकिरी आणि घाण वास. आणि फुलोऱ्यावर दोन्ही जाती शेजारी असतील तर परागीभवनासाठी चांगलं का?

---

माती_पाणी

ती पोंगासड आहे, फायटोप्थोरा. मुळांशी पाणी तुंबलं की होते, पावसाळ्याच्या शेवटी जास्त. कुंडी आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ती पसरते. पाणी बंद. सडलेली मधली पानं काढून रोप आडवं करून पोंगा कोरडा होऊ द्या. सड बुंध्यापर्यंत गेली नसेल तर बाजूने फुटवे येतात, ते वाढले की वेगळे काढा. बुंधा कापून आत तपकिरी दिसला तर रोप मातीसकट टाकून द्या, ती माती दुसऱ्या अननसाला वापरू नका.

उरलेल्या तिन्ही कुंड्यांची भोकं आज तपासा. खाली विटांचे तुकडे देऊन कुंड्या जमिनीपासून दोन इंच उचला. तळातून मुळांनी भोक बंद केलेलं असतं आणि वरून माती कोरडी दिसते, त्यामुळे कळत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय का तेही पाहा. तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तो वाढला की पानं टोकाकडून लालसर होऊन मुरडतात आणि मुळं मरतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, बेचक्यात शिरेल असं. फुलं उमलत असताना मात्र फवारू नका.

---

अनस_फोंडा

दोन जाती शेजारी ठेवण्याबद्दल: उलट आहे, फुलताना त्यांना लांब ठेवा. अननसाला फळासाठी परागीभवन लागत नाही. एकाच जातीचे पराग त्याच जातीच्या कुक्षीवर रुजत नाहीत, म्हणून आपल्याला बी नसलेलं फळ मिळतं. मॉरिशसचे पराग क्यूवर पोचले तर डोळ्याखाली तपकिरी, दाताखाली कचकन लागणाऱ्या टणक बिया धरतात. हवाईत हमिंगबर्ड आणायला बंदी आहे ती याचसाठी. तुमचा क्यू यंदा फुलणार नाही, तेव्हा काळजी नाही. मुलीला बी बघायचीच हौस असेल तर पुढच्या वर्षी दोन्ही एकदम फुलवून सकाळी आठच्या आत बारीक कुंचल्याने पाच-सहा फुलांवर पराग लावायचे आणि त्या डोळ्यांवर रंगाचा ठिपका द्यायचा. बाकी फळ बिनबियांचंच राहतं.

फुलं चालू असताना वरून पाणी मारू नका. सुकलेल्या पाकळ्या आणि पुंकेसर डोळ्याच्या खाली छोट्या पोकळीत अडकून राहतात, आणि बुरशीला आत शिरायची वाट तीच. पिकलेलं फळ कापल्यावर एखादाच डोळा आतून काळा निघतो तो बऱ्याचदा फुलाच्या दिवसांतच बिघडलेला असतो. चांगला डोळा उभा चिरून भिंगाने पाहा: वर पोकळीत वाळलेले पुंकेसर सापडतात आणि खाली अंडाशयाचे तीन कप्पे.

ऑक्टोबरमध्ये औषध दिलंत तर कोकणात साडेचार महिन्यांत फळ उतरतं. पुण्याच्या थंडीत पाच-साडेपाच धरा, म्हणजे मार्च-एप्रिल. तेव्हा तिथलं ऊन फळाच्या पश्चिमेकडची बाजू भाजतं. तो भाग आधी फिका पिवळा, मग तपकिरी पडतो आणि आतून पोकळ होतो. झाडाचीच लांब पानं फळावर गोळा करून सैल बांधा किंवा सुकं गवत झाका. फळ एका बाजूला कललं तर दांड्याला काठीचा आधार.

फळाच्या बुडाशी, दांड्यावर येणाऱ्या छोट्या स्लिपा दोन-तीनपेक्षा जास्त झाल्या तर मोडून काढा, त्या लावायला चालतात. वरचा शेंडा मात्र फळ पिकेपर्यंत राहू द्या. जमिनीलगतच्या फुटव्यांपैकी एकच जोमदार ठेवा, खोडव्याचं, म्हणजे त्याच झाडाचं पुढचं पीक त्यावर येईल.

खालच्या दोन-तीन रांगांचे डोळे पिवळे झाले आणि वास सुटला की काढा. अननसात साठवलेला स्टार्च नसतो, त्यामुळे तोडल्यावर तो मऊ होतो, रंग बदलतो, पण गोडी वाढत नाही. हिरवा काढून डब्यात पिकवायला ठेवलात तर आंबटच खाल. दांडा दोन-अडीच इंच ठेवून सुरीने कापा, पिरगळून तोडलं की बुडाशी जखम होते आणि तिथून कूज सुरू होते.